लहान विमाने का पडतात?

विमानाचा अपघात झाल्याचे वृत्त वाचले म्हणजे सामान्य वाचकाच्या मुखातून बहुधा दोनच उद्गार निघतात. एक, "यंत्रच ते, त्याचा काय भरवसा?" आणि दुसरा, "ज्याची वेळ भरली त्यास कोण राखणार?" या दोन्ही उद्गारांत दुःख आहे, कळवळा आहे, विचार मात्र फारसा नाही. पहिल्यात सारा दोष यंत्रावर जातो, दुसऱ्यात दैवावर. आणि या दोहोंच्या मध्ये जो मनुष्य हाती सुकाणू धरून बसलेला असतो, त्याच्याकडे आपली दृष्टी वळतच नाही. प्रस्तुत लेखात आम्ही त्या मनुष्याविषयी चार शब्द लिहू इच्छितो.

आपणां नाशिककरांस विमान ही काही अपूर्वाईची वस्तू राहिलेली नाही. ओझर येथे १९६४ साली विमानांचा कारखाना निघाला, आणि गांधीनगरच्या विमानतळावर २००३ पासून सैन्यातील वैमानिकांचे शिक्षण होत आहे. वर्गात भूमितीचा सिद्धांत ऐन रंगात यावा आणि त्याच क्षणी डोक्यावरून हेलिकॉप्टर जावे, म्हणजे चाळीस मुलांच्या माना खिडकीकडे वळतात, हा आमचा नित्याचा अनुभव आहे. परंतु सैन्याची विमाने वेगळी आणि शेकडो उतारू वाहून नेणारी मोठी विमानेही वेगळी. आमचा विषय आहे तो दोन-चार, फार तर आठ-दहा माणसे बसतील अशा लहान खासगी विमानांचा, आणि नवशिके वैमानिक ज्यांवर धडे गिरवितात त्या विमानांचा.

या विषयाकडे वळण्यास आम्हांस एक निमित्त झाले. २०२२ सालच्या उन्हाळ्यात निफाड तालुक्यातील एक द्राक्षबागाईतदार आमच्या घरी आले. त्यांचा मुलगा आमच्या शाळेतून उत्तीर्ण होऊन गेलेला. पाण्याचा पेलाही हाती न घेता ते म्हणाले, "सर, पोराला तुम्हीच समजवा. विमान चालवायला शिकणार म्हणतो. त्याची आई दोन दिवस नीट जेवली नाही. तुमचं तो ऐकेल."

माउलीच्या भीतीस कारण होते. आदल्या वर्षी, १६ जुलै २०२१ रोजी, जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातील वर्डी गावाजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात, शिरपूरच्या वैमानिकी विद्यालयाचे एक शिकाऊ विमान कोसळले. शिकविणारे वैमानिक जागीच मरण पावले आणि शिकणारी तरुणी गंभीर जखमी झाली. आसपासच्या वस्तीवरील माणसांनी तिला झोळीत घालून रानातून बाहेर आणले. ही दृश्ये त्या मातेने दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिली होती. आपला मुलगाही एके दिवशी असाच झोळीतून येईल, हा विचार तिच्या मनातून जाईना.

विषय आमचा पदार्थविज्ञान. तथापि एखाद्याच्या मुलाचे आयुष्य ठरविण्यास एवढी सामग्री पुरेशी नाही हे जाणून आम्ही त्या गृहस्थांकडे आठ दिवसांची मुदत मागितली, आणि निरनिराळ्या देशांत विमान-अपघातांचे जे चौकशी-वृत्तांत प्रसिद्ध होतात ते वाचावयास बसलो. त्या वाचनातून जे हाती आले त्याचा सारांश आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असे वाटते.

पहिली गोष्ट ही की, यंत्र बिघडल्यामुळे होणारे अपघात थोडे. अमेरिकेत लहान विमाने फार, आणि तेथे त्यांच्या अपघातांचा दरवर्षी पद्धतशीर हिशेब मांडला जातो. त्यात दहा अपघातांपैकी सुमारे सातांचे मूळ वैमानिकाच्या कृतीत किंवा निर्णयात सापडते. दुसरी गोष्ट अशी की, जे अपघात पुष्कळ होतात ते बहुधा जिवावर बेतत नाहीत, आणि जे जिवावर बेततात ते संख्येने थोडे असतात. उतरताना चाक वाकडे पडणे, धावपट्टी सोडून विमान गवतात जाणे, हे प्रकार नेहमीचे. त्यांत पंखा वाकतो, खर्च होतो, मान खाली जाते, पण माणूस बहुधा चालत घरी येतो. दाट ढगांत अजाणता शिरलेल्या विमानातील माणसे मात्र क्वचितच परत येतात.

इंजिन बंद पडले म्हणजे विमान दगडासारखे खाली येते, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नव्हे. विमानास तोलून धरतात ते त्याचे पंख, आणि पंखांवरून हवा वाहत आहे तोवर ते आपले काम करीत राहतात. चार माणसांचे साधे विमान ३०० मीटर उंचीवर असता त्याचे इंजिन थांबले, तरी ते घारीप्रमाणे तरंगत सुमारे अडीच किलोमीटर जाऊ शकते. तेवढ्या अवधीत एखादे मोकळे शेत निवडून उतरता येते, आणि शिकाऊ वैमानिकाकडून याचा अभ्यास वारंवार करवून घेतात.

खरा धोका असतो तो पंखांवरील हवेचा प्रवाह तुटण्यात. विमानाचे नाक वाजवीपेक्षा अधिक वर उचलले म्हणजे पंखाच्या पाठीवरून वाहणारी हवा त्यास सोडून जाते, आणि पंख एकाएकी निकामी होतो. वैमानिक यास 'स्टॉल' म्हणतात. इंजिन उत्तम चालत असतानाही स्टॉल होऊ शकतो. पुरेशी उंची असेल तर नाक खाली करून काही क्षणांत विमान पुन्हा सावरता येते. जमिनीजवळ तेवढी उंची नसते. उतरण्यासाठी वळण घेताना धावपट्टीची रेषा हुकते, मग वैमानिक घाईने अधिक तिरके वळतो, आणि येथेच घात होतो. कारण तिरक्या वळणात विमानावरचा भार वाढतो. ६० अंश तिरके होऊन उंची न सोडता वळणाऱ्या विमानावर त्याच्या वजनाच्या दुप्पट भार पडतो, आणि जे विमान सरळ जाताना ताशी ९० किलोमीटर वेगापर्यंत तगते, ते त्या वळणात ताशी सुमारे १२७ किलोमीटरलाच हार खाते. आमच्या विद्यार्थ्यांनी दोहोंचे वर्गमूळ काढून हा हिशेब अवश्य पडताळून पाहावा.

तिसरे कारण ऐकून ते द्राक्षबागाईतदार प्रथमच हसले. ते कारण म्हणजे पेट्रोल संपणे. लाखो रुपयांचे विमान, वर्षांचे शिक्षण, आणि टाकीत पेट्रोल नाही! परंतु असे अपघात आजही घडतात. मार्गात समोरून वारा लागतो, वाट लांबते, काटा अजून थोडे आहे असे दाखवितो, आणि मनुष्य काट्यापेक्षा आपल्या आशेवर अधिक विश्वास ठेवतो. म्हणून दिवसा उड्डाण करतानाही ठिकाणी पोहोचून अर्धा तास आणखी उडता येईल एवढा साठा शिल्लक असावा असा दंडक आहे. शिवाय उड्डाणापूर्वी टाकीच्या तळाशी असलेल्या तोटीतून थोडे पेट्रोल काचेच्या नळीत काढून पाहतात. पाणी पेट्रोलहून जड असल्यामुळे तळाशी बसते व डोळ्यांस दिसते. दोन मिनिटांचे हे काम. पण ज्याने ते टाळले त्याचे इंजिन धावपट्टी सोडल्यावर पाणी पिऊ लागते.

पाण्याचा दुसरा एक खेळ याहून चमत्कारिक आहे. जुन्या पद्धतीच्या इंजिनात कार्ब्युरेटर असतो; तेथे हवा अरुंद वाटेने वेगाने जाते आणि पेट्रोलची वाफ होते, त्यामुळे तापमान एकदम उतरते. बाहेर २० अंश उष्मा आणि पावसाळी ओलावा असता, आत बर्फ साचून इंजिनाचा श्वास कोंडू शकतो. श्रावणातल्या नाशिकात बर्फ! परंतु पदार्थविज्ञान ऋतू पाहत नाही. ते तापमान व आर्द्रता पाहते. यावर उपाय म्हणून आत गरम हवा सोडण्याची एक कळ असते. ती वेळेवर ओढण्याचे भान मात्र वैमानिकास ठेवावे लागते.

उन्हाळ्याचाही असाच एक सापळा आहे, आणि तो आपल्या जिल्ह्यास विशेष लागू आहे. उष्ण हवा विरळ असते. विरळ हवेत पंख कमी उचलतात, इंजिन कमी ओढते आणि धावपट्टी अधिक लागते. ओझरची भूमी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. वैशाखात दुपारी पारा ४० अंशांवर गेला म्हणजे तेथील हवा इतकी विरळ होते की, विमानाच्या दृष्टीने ते सुमारे १,६६० मीटर उंचीवर उभे असते. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर आहे. म्हणजे विमान दिसते ओझरच्या सपाटीवर, आणि त्यास उचलावी लागते ती कळसूबाईच्या माथ्यावरची हवा! अशा दुपारी चार धट्टेकट्टे गृहस्थ, त्यांच्या पेट्या आणि भरलेली टाकी घेऊन निघणाऱ्या वैमानिकाने कागदावर हिशेब मांडला नसेल, तर धावपट्टीच्या टोकाशी तो हिशेब आपोआप मांडला जातो.

आता ढगांविषयी. लहानपणी आपण सर्वांनी फुगडी घातली आहे. फुगडी थांबली तरी भूमी फिरतच राहते. आपल्या कानाच्या आत तीन वाटोळ्या नलिका आहेत. त्यांतील द्रव आपणांस तोल सांगतो. पण सावकाश, एकाच गतीने वळत राहिले, तर थोड्या वेळाने तो द्रवही सोबत फिरू लागतो आणि आपण सरळच जात आहोत अशी ग्वाही देतो. जमीन दिसत असेल तर डोळे कानाची चूक सुधारतात; ढगात डोळ्यांस काहीच दिसत नाही. मग विमान तिरके होऊन गिरक्या घेत खाली जात असते आणि आत बसलेल्यास वाटते, सारे ठीक आहे. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात याची परीक्षा घेण्यात आली. केवळ यंत्रांचे काटे पाहून विमान चालविण्याचे शिक्षण नसलेले २० जण निवडले आणि त्यांस बाहेरचे काही दिसणार नाही अशी व्यवस्था केली. वीसही जणांच्या हातून विमानाचा तोल गेला. त्यास सरासरी १७८ सेकंद लागले. तीन मिनिटेही नाहीत! त्यानंतर त्यांस एकच गोष्ट शिकविण्यात आली: काट्यांवर नजर ठेवून, सावकाश अर्धे वळण घेऊन आल्या वाटेने परत फिरणे. तेवढ्या शिक्षणाने त्यांपैकी बहुतेक सर्व सुखरूप बाहेर पडू शकले.

मनुष्य ढगात शिरतो तरी का? कारण त्यास कोठे तरी वेळेवर पोहोचावयाचे असते. अमेरिकेचे माजी अध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव धाकटे जॉन केनेडी १६ जुलै १९९९ रोजी आपल्या लहान विमानातून पत्नी व मेहुणी यांसह एका नातलगाच्या विवाहासाठी निघाले. निघण्यास उशीर झाला, रात्र पडली, खाली समुद्र आणि वर धुरकट हवा. आकाश कोठे संपते आणि पाणी कोठे सुरू होते हे कळेना. केवळ यंत्रांवर विसंबून उडण्याचा परवाना त्यांनी अद्याप मिळविला नव्हता. तिघेही समुद्रात बुडाले. दिशाभ्रम झाला, असा निर्णय चौकशीअंती देण्यात आला. आपल्या मराठी मनास अधिक जवळची घटना ३० सप्टेंबर २००१ ची. सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडच्या शिंदे घराण्याचे वंशज माधवराव शिंदे दिल्लीहून कानपूरच्या सभेस लहान विमानाने निघाले होते. वाटेत हवा बिघडली, आणि उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ विमान कोसळून आतील आठही जण मृत्यू पावले. वीज आणि वारा थोरामोठ्यांची ओळख ठेवीत नाहीत.

कधी कधी हवा निर्मळ असते, यंत्र ठाकठीक असते, आणि घात करते ती कसरत. २३ जून १९८० रोजी दिल्लीस संजय गांधी कमी उंचीवर विमानाच्या कोलांट्या घेत असता विमान कोसळले, आणि ते व त्यांचे सोबती वैमानिक मरण पावले. उंची ही वैमानिकाची शिल्लक ठेव आहे; ती आधीच खर्चून टाकणाऱ्यास अडचणीच्या क्षणी उसने कोण देणार?

यंत्राचा दोष मुळीच नसतो असे मात्र कोणी समजू नये. २८ जून २०१८ रोजी मुंबईत घाटकोपर येथे एक लहान दोन-इंजिनी विमान भर वस्तीत कोसळले. दिवस पावसाळी होता, आणि दुरुस्तीनंतर चाचणी घेण्यासाठी विमानाने जुहूहून उड्डाण केले होते. आतील चौघे तर गेलेच, पण रस्त्याने जाणारा एक पादचारीही प्राणास मुकला. त्या पाचव्या मनुष्याचा विमानाशी काही संबंध नव्हता. म्हणून दुरुस्त करणाऱ्याची कसोशी, चाचणीसाठी दिवस निवडणाऱ्याचा विवेक आणि उडविणाऱ्याचे कौशल्य, या तिन्ही गोष्टी खाली चालणाऱ्या अनोळखी माणसाच्याही मालकीच्या असतात.

हे सारे आम्ही त्या गृहस्थांस आठ दिवसांनी समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले. गारपीट, अवकाळी पाऊस, फवारणीची वेळ, यांशी ज्याचा जन्म गेला त्यास हवेचे महत्त्व आम्ही काय शिकविणार? शेवटी ते म्हणाले, "सर, म्हणजे विमान पडतं ते माणसामुळं. मग आमचा पोरगा माघारी फिरेल का, एवढंच सांगा."

प्रश्न अवघड होता. आठ दिवसांच्या वाचनात त्याचे उत्तर नव्हते. पण आमच्या स्मरणात एक गोष्ट होती. तो मुलगा नववीत असता आम्ही वर्गास घेऊन अंजनेरीस गेलो होतो. माथ्याच्या बेताला धुके उतरले. सर्वांत पुढे तोच होता. तो थांबला, मागे आला आणि म्हणाला, "सर, पुढची पायरी दिसत नाही. आपण परत जाऊ या." मागच्या मुलांनी त्यास भित्रा म्हणून पुष्कळ चिडविले. तो रागावला नाही, की त्याने आपले म्हणणेही सोडले नाही. आम्ही सर्वांस परत फिरविले. ही हकीकत आम्ही त्या पित्यास सांगितली, आणि म्हटले, "त्याच्या यंत्राची हमी आम्ही देऊ शकत नाही. पण लोक हसत असता परत फिरण्याचे धैर्य त्याच्यात आहे, हे आम्ही पाहिले आहे."

त्यासोबत आणखी एक गोष्टही सांगणे आम्हांस अवश्य वाटले. माघारी फिरणे हा काही मंत्र नव्हे. विमान नुकतेच उडाले आहे, उंची थोडी आहे आणि इंजिन बंद पडले, तर धावपट्टीकडे वळू पाहणे हेच प्राणघातक ठरते. त्या वेळी समोर जे शेत दिसेल त्यात सरळ उतरावे, असे शिकवितात. ढगापुढे वळावे, येथे वळू नये. केव्हा वळावे आणि केव्हा सरळ जावे हे उड्डाणापूर्वी, शांत चित्ताने, जमिनीवर ठरवून ठेवावयाचे असते. कारण ऐन वेळी विचारास अवधी नसतो.

आपल्या देशात नागरी विमानविद्येचा पाया ज्यांनी घातला, त्यांची शिस्त याच प्रकारची होती. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन एक-इंजिनी लहान विमान अहमदाबादमार्गे मुंबईस, जुहूच्या मैदानावर, आणले. पुढे त्यांचे टपाल वक्तशीरपणाबद्दल नावाजले गेले. परंतु पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा ती मंडळी चिखलाशी झुंज घेत बसली नाहीत. पावसाळ्यापुरता त्यांनी आपला तळ पुण्यास हलविला. वक्तशीरपणा आणि हट्ट यांतील भेद याहून स्पष्ट कोणी दाखविला असेल असे आम्हांस वाटत नाही.

मुलगा वैमानिकी शिकावयास गेला. पुढच्या पावसाळ्यात त्याचे वडील पुन्हा आले ते थोडे नाराज होऊन. हवा वाईट म्हणून सलग नऊ दिवस उड्डाण झाले नाही. राहण्या-जेवण्याचा खर्च मात्र चालूच! आम्ही त्यांस म्हटले, "दादा, तुम्ही भरलेल्या पैशांत हे नऊ दिवस सर्वांत सत्कारणी लागले." ते क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले, आणि मग म्हणाले, "त्याच्या आईला हे तुमच्या तोंडूनच सांगा." आम्ही त्यांच्या घरी जाऊन तसे सांगितले. त्या माउलीची भीती पुरती गेली असे आम्ही म्हणत नाही. ती जाऊही नये. परंतु आता मुलाचा फोन आला म्हणजे ती प्रथम विचारते, "आज हवा कशी आहे?" आणि 'खराब आहे, म्हणून बसून आहे' असे उत्तर आले की तिला समाधान वाटते.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी फारच थोडे वैमानिक होतील. परंतु दुचाकी तर उद्या जवळजवळ प्रत्येकाच्या हाती येणार, आणि मुंबई-आग्रा महामार्ग आपल्या दाराशीच आहे. टाकी न पाहता निघणे, उशीर झाला म्हणून वेग वाढविणे, मित्र पाहत आहेत म्हणून कसरत करणे, झोप आली असता 'आता थोडेच राहिले' असे म्हणणे, ही सारी कारणे आकाशातली म्हणून आम्ही वर सांगितली. ती रस्त्यावरही तीच आहेत. आणि पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, मुलगा किंवा मुलगी उशिरा पोहोचली तर 'उशीर का झाला?' असे दरडावून विचारण्यापूर्वी, पाऊस फार होता म्हणून ती वाटेत थांबली होती काय, हे आधी विचारावे. थांबली असेल तर तिला शाबासकी द्यावी. पुढच्या पावसातही मग ती थांबेल.